ओढा आणि सागर



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय आठवा. अवधूताचे चोवीस गुरू, त्यातला सागर.

आधी थोडी उजळणी, कारण काही जण याच आठवड्यात आपल्यासोबत वाचायला लागलेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. अंगावर धड कपडा नाही, पण चेहऱ्यावर कमालीचा आनंद. राजा विचारतो, तुम्ही इतके निश्चिंत कसे? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, कबूतर, अजगर, सागर... नाथमहाराजांनी हा संवाद सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत खुलवून सांगितलाय. ग्रंथाची सुरुवात पैठणला झाली आणि तो शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाला. म्हणजे ग्रंथानेसुद्धा मोठा प्रवास केलाय!

सागराकडून अवधूत काय शिकतो? पावसाळ्यात शेकडो नद्या पूर घेऊन सागराला मिळतात, तरी तो काठ सोडत नाही. उन्हाळ्यात नद्या आटतात, तरी तो रोडावत नाही. साधकानेही तसं असावं. मिळालं म्हणून फुगू नये, गेलं म्हणून सुकू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना भगवंतांनीही हाच दाखला दिलाय.

वाचायला सोपं आहे. मी हे तीन-चार वेळा वाचलं होतं, पिवळ्या हायलायटरने रंगवलंही होतं. पण ते खरं कळलं एका ओढ्याच्या काठावर. आज तेच सांगतो.

माझं गाव खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही नाव वाचलं असेल. ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली तेच हे खर्डा. आमच्यासाठी मात्र गावाची दुसरी ओळख आहे. आषाढीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी आमच्या गावावरून पंढरपूरला जाते. बाबा दर वर्षी वारकऱ्यांना चहा द्यायचे. पाऊस असला की जास्त खूश असायचे. म्हणायचे, "भिजलेल्या माणसाला चहा दिला की तो थेट पांडुरंगाला पोचतो."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी सर्वपित्रीला मी घरी गेलो नाही. प्रॉडक्शनला रिलीज होतं. आईने फोनवर फक्त "बरं" म्हटलं. ते "बरं" मला वर्षभर टोचत होतं. म्हणून २०२५ ला मी आधीच सांगून ठेवलं, "आई, काहीही झालं तरी बारा वाजता मी पानावर बसलेला असेन."

सर्वपित्री अमावास्या रविवारी होती, २१ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या महिन्यातला पाऊस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमचा भाग अवर्षणाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. तिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत होता. मी पहाटे पाचला पुण्यातून एकटाच निघालो. भिगवण, राशीन, कर्जत. मागच्या सीटवर किलोभर अंजीर बर्फी, बाबांची आवडती, आणि दोन डझन केळी. वायपर फुल स्पीडला, तरी समोरचं नीट दिसत नव्हतं. मी मात्र मॅपवरची पोचायची वेळ बघत होतो. ९:४०. मग १०:१५. मग ११:०५. दर वेळी आकडा बदलला की माझा जबडा आवळायचा.

जामखेडच्या अलीकडे मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, म्हणून मी एका आतल्या रस्त्याने गाडी घातली. तीन-चार किलोमीटरवर ओढा आडवा आला. एरवी तिथे बूट ओले न करता पलीकडे जाता येतं. त्या दिवशी फरशीवरून तांबडं पाणी वाहत होतं. फार वाटत नव्हतं. फूटभर असेल. पलीकडचा रस्ता दिसत होता. मी मनात नाथांचं नाव घेतलं, आणि खरं सांगतो, नाव घेतल्यावर मला वाटलं की आता हरकत नाही. पहिला गिअर टाकला.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा मेंढपाळ काठी आडवी धरून गाडीपुढे उभा राहिला.

"पुढं घालू नका साहेब. खाली फरशी हाय का वाहून गेली, तेच दिसंना."

मी काच खाली करून चिडूनच म्हणालो, "मामा, वडिलांचं श्राद्ध आहे आज. बाराच्या आत पोचायचंय."

तो शांतपणे म्हणाला, "म्हनूनच म्हंतोय. आईला तुमच्या दोन पानं वाढाय लावू नका."

मी गाडी बंद केली. हात थरथरत होते. नंतर वाचलं की साधारण एक फूट वाहतं पाणी छोटी गाडी वाहून न्यायला पुरेसं असतं. मी इंजिनिअर. प्लावक बल परीक्षेत लिहून मार्क मिळवलेला माणूस. आणि ज्याने मला थांबवलं त्याला फक्त ओढा माहीत होता.

जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सात-आठ जण थांबलो. एक टेम्पोचालक, मोटारसायकलवरचं एक जोडपं आणि त्यांची चारेक वर्षांची मुलगी, दोन आजोबा, तो मेंढपाळ. फोनला रेंज नाही. बारा वाजले. साडेबारा झाले. ती पोरगी आईला सारखं काहीतरी खायला मागत होती. माझ्या गाडीत बर्फी होती, केळी होती. मी उठलो नाही. मनात म्हणत होतो, ते नैवेद्याचं आहे, उष्टं कसं करायचं?

मग नाथच आठवले. परंपरेने सांगितली जाणारी ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ. रणरणतं ऊन, तापलेली वाळू, आणि तहानेने तडफडणारं एक गाढव. शेकडो कोस जपून आणलेलं पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतलं. लहानपणापासून मी ही गोष्ट भूतदयेची म्हणून ऐकली होती. त्या व्हरांड्यात पहिल्यांदा लक्षात आलं की ही प्रवास मोडण्याचीही गोष्ट आहे. नाथांचाही प्लॅन होता, संकल्प होता. वाटेत समोर जे आलं त्याने तो मोडला, आणि नाथ म्हणाले नाहीत की माझी यात्रा वाया गेली. त्यांचा रामेश्वर तिथेच आला.

मी गाडीतून पिशवी आणली. पोरीला आधी केळं दिलं. बर्फीचा बॉक्स उघडला. टेम्पोवाला म्हणाला, "कशाची हो?" मी सांगितलं, वडिलांच्या श्राद्धाची होती. तो तुकडा हातात घेऊन थांबला. "नाव काय व्हतं वडिलांचं?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. एका आजोबांनी टोपी काढून हात जोडले. मग सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो, अनोळखी माणसांसमोर.

संध्याकाळी पाणी उतरलं. फरशीचा एका बाजूचा मोठा तुकडा खरंच गेला होता. मी मागे फिरलो, रात्र जामखेडला काढली, आणि घटस्थापनेच्या सकाळी घरी पोचलो. आई घटासाठी माती चाळत होती. मी दारातच म्हणालो, "चुकलं गं." ती म्हणाली, "पावसात कावळा कुठला येतोय. गाईला घास घातला. तू कुठं जेवलास काल?" मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग झालं की." आणि परत माती चाळायला लागली.

आता परत ग्रंथाकडे येऊ.

आमच्याकडचा ओढा आठ महिने कोरडा असतो. दोन तास पाऊस झाला की फरशी उखडतो, आणि दुसऱ्या दिवशी परत गुडघाभर. माझं मन अगदी तसं आहे. रिव्ह्यू चांगला झाला की पुलावरून पाणी. कुणी एक वाक्य बोललं की कोरडं. कारण ओढ्यात जागाच नसते. सिस्टीम डिझाइनच्या भाषेत सांगायचं तर क्षमता कमी आणि लोड एकदम. सागराला पूर येत नाही असं नाही. सगळे पूर त्याच्याकडेच येतात. पण त्याच्यात जागा आहे. समता म्हणजे भावना नसणं नव्हे. भावना मावण्याएवढी खोली असणं. व्हरांड्यात मी रडलो तेव्हा समता गेली नव्हती. गेली होती ती सकाळी, मॅपवरच्या आकड्याबरोबर जबडा आवळत होता तेव्हा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच आठवड्यात सीनेला महापूर आला. परांडा, करमाळा, माढा भागात लोक घरांत अडकले, गुरं वाहून गेली, आमच्याकडे सोयाबीन आणि उडीद शेतातच कुजला. त्यांच्यासाठी तो पाऊस काही 'अनुभव' नव्हता. देवाने मला शिकवायला पाऊस पाडला, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं पाप वाटतं. एवढंच म्हणतो की पाऊस पडत होता, आणि त्यात एक माणूस काठी आडवी धरून उभा राहिला. मला देव दिसला असेल तर त्या काठीत. मी गिअर टाकताना जे नाव घेतलं होतं, ती श्रद्धा नव्हती, घाई होती. देवाचं नाव घेऊन आपलंच म्हणणं रेटायची सवय मला आहे. तुम्हालाही असेल तर तपासून बघा.

आजचा अभ्यास :

१. आज दिवसभरात तुमचं मन कुठे 'फरशीवरून वाहिलं'? एकच प्रसंग लिहा. कारण समोरचं माणूस होतं, की आत जागा कमी पडली?

२. ठरवलेलं काही मोडलं, तर चिडण्याआधी आजूबाजूला बघा. कुणाला तहान लागली आहे का?

३. तुमच्या ओळखीत कुणाचे आई-वडील गेले असतील, तर त्यांचं नाव विचारा. फक्त नाव. बाकी काही बोलायची गरज नाही.

४. आणि साधी गोष्ट : पुलावरून पाणी असेल तर गाडी घालू नका. नामस्मरण अलीकडच्या काठावरही होतं.

प्रार्थना : पांडुरंगा, माझं मन ओढ्याएवढं आहे हे मला माहीत आहे. एकदम सागर कर असं म्हणत नाही. आज कालच्यापेक्षा वीतभर खोल कर. आणि मी चुकीच्या पाण्यात शिरत असेन तेव्हा कुणालातरी काठी घेऊन पाठव, आणि मला थांबायची बुद्धी दे.

उद्या आठव्या अध्यायातला पुढचा गुरू बघू, पतंग. दिव्यावर झेप घेणारा. स्क्रीनसमोर रात्री दोन वाजेपर्यंत बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी तो फार महत्त्वाचा आहे.

राम कृष्ण हरी!