सातपुड्याच्या पायथ्याशी दोन दिवस : परदेशस्थ तरुणांच्या गटासाठी हिवरखेड परिसराचे भटकंती मार्गदर्शन

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील तरुण शिक्षण संपल्यावर आधी पुण्या-मुंबईला आणि तेथून अमेरिका, जर्मनी, सिंगापूर किंवा आखाती देशांत नोकरीला गेले की वर्षाकाठी एकदा, बहुधा दिवाळीत वा नाताळच्या रजेत, गावी येतात; आणि लग्नकार्ये, भेटीगाठी व बँकेची कामे यांतून उरलेल्या शनिवार-रविवारी जुन्या मित्रांसह मोटारीने कोठेतरी जाऊन येण्याचा बेत आखतात. हा बेत फसण्याचे कारण सहसा एकच असते. रुंद व अखंड महामार्गांची सवय झालेल्या मनाला दीडशे किलोमीटर म्हणजे दीड तास वाटतो, आणि त्या हिशेबाने चिखलदरा, लोणार व शेगाव ही तिन्ही ठिकाणे दोन दिवसांत बसवली जातात. प्रत्यक्षात दोन्ही दिवस गाडीतच सरतात. त्यापेक्षा हिवरखेड हा मुक्काम धरून आसपासच्या लहान टापूतील एक धरण, एक रणभूमी आणि एक किल्ला एवढेच नीट पाहणे अधिक समाधानाचे आहे, असे येथे आग्रहाने सुचवायचे आहे.

प्रथम गावाची निश्चिती करावी लागते, कारण वऱ्हाडात हिवरखेड नावाची एकाहून अधिक गावे आहेत. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले हिवरखेड वेगळे आणि अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड, ज्याला हिवरखेड (रूपराव) असे म्हणतात, ते वेगळे. दोहोंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘हिवरखेड’ लिहून गाडी काढणाऱ्या गटाची अर्धी सकाळ वाया जाऊ शकते, म्हणून तालुक्याचे नाव जोडूनच शोध घ्यावा. प्रस्तुत मार्गदर्शन तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसंबंधी आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील अकोला आणि शेगाव ही दोन्ही स्थानके या गावास सोयीची आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला झाल्यामुळे मुंबईहून मोटारीने येणारे वाशीम जिल्ह्यातील मालेगावजवळ महामार्ग सोडून पातूरमार्गे अकोल्यास उतरू शकतात. खुद्द हिवरखेडलाही रेल्वे होती. अकोला-खंडवा ही मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची गाडी अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड असे थांबे घेत धूळघाटाच्या प्रसिद्ध वळणावरून, जेथे चढ पेलण्यासाठी रूळ स्वतःलाच वेढा घालून वर जात, सातपुडा ओलांडत असे. रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी ती बंद झाली. अकोला-अकोट टप्प्याचे रुंदीकरण झाले, परंतु पुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने तो सोडून व्याघ्र प्रकल्पाबाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने, नवा मार्ग नेण्याचे ठरले आहे. परदेशातील मुलांनी आजोळच्या प्रवासातली ती गाडी आठवून तिच्या भरवशावर बेत आखू नये.

वाहनाविषयी थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. भारतीय परवान्याची मुदत परदेशात असतानाच संपलेली असण्याचा संभव मोठा असतो. मुदत संपून एक वर्ष उलटले की नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, तेव्हा ही तारीख विमानाचे तिकीट काढतानाच पाहावी. केवळ परदेशी परवाना असणाऱ्याने त्या देशातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे मूळ परवान्याचे अनेक भाषांतील प्रमाणित रूप, काढून मूळ परवान्यासह जवळ बाळगावा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीच्या पाटीवर काळ्या रंगावर पिवळी अक्षरे असतात. ओळखीतून मिळालेली पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर असून अपघातात विम्याचा दावा अडकण्याची शक्यता असते. तथापि, उजव्या बाजूने गाडी चालवण्याची वर्षानुवर्षांची सवय आणि विमानप्रवासाने बिघडलेली झोप यांचा विचार करता, पहिल्या आठवड्यात स्वतः चालवण्याचा हट्ट सोडून स्थानिक चालक घेणे हेच शहाणपणाचे. कपाशीच्या हंगामात या रस्त्यांवर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागच्या दिव्याविना चालतात, आणि त्यांचा अंदाज रोजच्या सरावानेच येतो. गाडी डांबरी रस्ता सोडून उभी करतानाही जपावे, कारण येथील काळी माती ओली असेल तर चाके पाहता पाहता रुततात.

परदेशातून आणलेल्या उपकरणांबाबतचे अज्ञान अधिक महागात पडते. तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली असून, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीविना ड्रोन उडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. परदेशातील गिर्यारोहक सर्रास वापरतात ती उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी यंत्रे आणि उपग्रह फोनसुद्धा भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. पैशांच्या बाबतीत, अनिवासी खात्याला जोडलेल्या अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इत्यादी दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर यूपीआय चालवण्याची मुभा २०२३ पासून आहे. पण डोंगराच्या कुशीत नेटवर्कच नसते, म्हणून सुट्या नोटा खिशात हव्यातच.

पहिल्या दिवशी सकाळी वारी भैरवगडला जावे. वान नदी सातपुड्यातून मैदानात उतरते तेथे हे स्थान असून, नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात, आणि जवळच्या मारुतीची स्थापना समर्थ रामदासांनी केली अशी श्रद्धा आहे. धरणाच्या पाठीशी १९९७ मध्ये घोषित झालेले वान अभयारण्य पसरले आहे. येथे एक सूचना अत्यंत कळकळीने करावीशी वाटते: नदीच्या डोहात कोणीही उतरू नये. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली खडकात कोरलेल्या खोल कपारी आहेत, पोहता येणाऱ्यालाही त्या सोडत नाहीत, आणि येथे तरुण मुले बुडून दगावलेली आहेत. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पातळी अचानक चढते. आंघोळीची हौस असेल तर ती गावातल्या शेतावरच्या पंपाखाली भागवावी.

दुपारचे जेवण शेतात ठेवावे, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास रोडग्यांचा बेत सहज जमतो. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे घट्ट गोळे, जे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजतात, मग राख झटकून फोडतात आणि तुपात भिजवून वरण व वांग्याच्या भाजीसोबत खातात. विस्तव मात्र शेतातच पेटवावा, वनहद्दीत कदापि नाही. पायथ्याचा हा पट्टा गोड्या पाण्याचा असल्याने येथे संत्री, केळी आणि औषधी पानपिंपळीचे मळे दिसतात. याउलट दक्षिणेला पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस खारपाणपट्टा आहे, म्हणजे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असलेला प्रदेश. तेथे विहिरीचे वा हातपंपाचे पाणी पिण्याजोगे नसते, म्हणून पाणी हिवरखेडलाच भरून घ्यावे.

दुपार कलू लागली की अडगाव-सिरसोलीच्या शिवारात जावे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच मैदानावर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य, रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या नेतृत्वाखाली आणि शिंद्यांच्या घोडदळाच्या साथीने, आर्थर वेलस्लीच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसमोर उभे राहिले. लढाईला तोंड लागले ते दिवस कलताना, म्हणूनच ही भूमी त्याच वेळी पाहावी. प्रारंभी मराठ्यांच्या तोफांचा मारा इतका प्रखर होता की दोनच महिन्यांपूर्वी आसईच्या लढाईत न डगमगलेल्या कंपनीच्या पलटणी येथे मोडून मागे पळाल्या, आणि वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणावे लागले. अंधार पडेपर्यंत निकाल लागला होता आणि पाठलाग चांदण्यात चालू राहिला. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्ला पडला, १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड आणि कटक गमावले, आणि ३० डिसेंबरला येथून दूर नसलेल्या सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी तह केला. सुमारे एका महिन्यात वऱ्हाडाचे आणि मराठी सत्तेचे भवितव्य ज्या शिवारातून फिरले, ते शिवार शाळेच्या पुस्तकात नावापुरतेही भेटत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आज तेथे तूर आणि कपाशी उभी असते. बांधावरूनच चालावे, आणि शेतमालक दिसल्यास राम राम करून परवानगी घ्यावी. जाणती माणसे बहुधा आपण होऊन बोलू लागतात.

दुसरा दिवस नरनाळा किल्ल्याचा. अकोटहून शहानूर या पायथ्याच्या गावी पहाटेच पोहोचून वनविभागाच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून प्रवेशपत्र आणि वाटाड्या घ्यावा. परदेशी नागरिकत्व असलेल्यांनी पारपत्र सोबत ठेवावे. किल्ला नरनाळा अभयारण्यात आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येत असल्याने प्रवेशाच्या वेळा व पावसाळ्यातील निर्बंध आधी विचारून घेणे आवश्यक आहे. सुमारे ९७० मीटर उंचीचा हा गड मधला नरनाळा आणि दोन बाजूंचे जाफराबाद व तेलियागड असा तिहेरी आहे. वर गाडी जाते, परंतु ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी पायीच चढावे, कारण दरवाजांची मांडणी चढतानाच उमगते. त्यांतील महाकाली दरवाजा हा वऱ्हाडातील शिल्पकामाचा मुकुटमणी होय. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने, ज्याने पुढे एलिचपूरची इमादशाही स्थापन केली, १४८७ मध्ये बहमनी अमलात तो उभारला असे त्यावरील शिलालेख सांगतो. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळे, कुराणातील वचनांच्या पट्ट्या आणि दोन्ही अंगांचे जाळीदार सज्जे कोवळ्या उन्हात उठून दिसतात. येथे निदान अर्धा तास तरी थांबावे. पुढे राणीमहाल, शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ पाहता येते. पाणी अडवून तलावांत खेळवण्याची गडावरची योजना स्थापत्याची आवड असणाऱ्याला सर्वांत जास्त वेळ गुंतवील.

आरोग्याची बाब शेवटी आली तरी दुय्यम नव्हे. येथेच जन्मलेली व्यक्ती दीर्घकाळ परदेशी राहिली की हिवतापाविरुद्धची अंगची शक्ती ओसरते, आणि आपलेच गाव म्हणून ती डास टाळण्याची काळजीही घेत नाही. मेळघाटच्या पायथ्याशी पूर्ण बाह्यांचे कपडे व डासप्रतिबंधक मलम वापरावे, आणि परतल्यानंतर ताप आल्यास तेथील डॉक्टरला या प्रवासाविषयी अवश्य सांगावे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाच्या नादी न लागता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा तेल्हारा वा अकोटचे सरकारी रुग्णालय गाठावे; पुढील उपचारांसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

गडावरून दुपारी दोनपर्यंत उतरावे, कारण अकोट ते अकोला हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर उजेडात संपवणे इष्ट. या रस्त्यावर गांधीग्राम येथे पूर्णेवरील जुन्या पुलाला २०२२ मध्ये तडे गेल्यामुळे वाहतूक वळवावी लागली होती, म्हणून अकोट सोडण्यापूर्वी बसस्थानकावर रस्त्याची चौकशी करूनच निघावे.