अर्धवट स्वेटर : विणकामाचा एक धडा

प्रत्येक घरात एखादे तरी काम अर्ध्यावर सोडलेले असते. कोणाची गोधडी पेटीत घडी होऊन पडलेली असते, तर कोणाची अभ्यासाची वही पहिल्या दहा पानांनंतर कोरीच राहिलेली असते. अशा कामाकडे पाहून आपण सहसा म्हणतो, "आळस, दुसरे काय!" हे उत्तर नेहमीच खरे असते का, हा प्रश्न मला एका अर्धवट स्वेटरने घातला. तो पुरा करताना जे शिकलो, ते विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लिंबागणेश हे माझे गाव. बीड तालुक्यातील हे गाव भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे सर्वांस माहीत आहे. आमच्या जिल्ह्याची दुसरी ओळख मात्र ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की असंख्य जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माझे आईवडील अशाच एका कोयत्याचे. मी आजीपाशी राहून शिकलो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत, आईवडील गेल्यानंतर, आजीने पत्र्याची पेटी उन्हात घालावयास सांगितली. तिच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले निळे विणकाम निघाले. एका लहान स्वेटरची पाठ पुरी झाली होती. पुढचा भाग निम्म्यावर येऊन सुईवरच थांबला होता. बाह्यांचा पत्ता नव्हता. आजी म्हणाली, "तुझ्या मायनं तुझ्यासाठी घातलेला. तू चार वर्षांचा होतास." आई सातवीपर्यंत शिकली आणि विणकाम तिला शाळेत शिकविले होते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

रात्री आईला फोन लावला. ती म्हणाली, "लेकरा, आता त्याचं काय? उसवून टाक, गुंडा करून ठिव." उसवावयास मन घेईना. बहिणीची मुलगी दोन वर्षांची आहे. तिला हा स्वेटर होईल, असे वाटले. मला तर सुई धरताही येत नव्हती. गावातल्या एका काकूंकडून सुलट आणि उलट टाका आठवड्यात शिकलो. वसतिगृहातले मित्र हसले. पण मेंढरांमागे चालता चालता लोकर कातणारा धनगर पुरुषच असतो, हे सांगितल्यावर त्यांचे हसू थोडे ओसरले.

आता मूळ विषयाकडे वळू. विणकाम अर्धवट राहिले तरी ते पुरे करता येते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. आपल्याकडची घोंगडी मागावर होते. तिच्यात उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन निरनिराळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकाच धाग्याचे फासे एकमेकांतून ओढलेले असतात. म्हणून ते ओळीओळीने उसवता येते आणि धागा पुन्हा जसाच्या तसा हाती येतो. ही कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेले अशा विणीचे सुती पायमोजे सुमारे ११ व्या ते १४ व्या शतकांतील मानले जातात. पायमोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली तयार केले.

जुने काम हाती घेताना पहिला प्रश्न धाग्याचा. बाजारात ज्याला आपण सरसकट 'लोकर' म्हणतो, ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा; जवळ पाण्याचे भांडे असावे. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. खऱ्या लोकरीला कसर लागते, कारण त्या किड्याच्या अळीचे खाद्यच लोकरीतील केराटिन हे द्रव्य असते. आईचा धागा ॲक्रिलिक निघाला. इतकी वर्षे पेटीत राहूनही त्याला भोक पडले नव्हते, याचा उलगडा झाला.

दुसरा प्रश्न मोजणीचा. पाठीवर टाके मोजले, ते ८४ भरले. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी होती. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सुया १० नंबरच्या होत्या. आपल्याकडच्या या क्रमांकांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटर जाडीची, तर १२ नंबरची २.७५ मिलिमीटरची.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हाताचा. प्रत्येकाचा हात निराळा असतो, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. आईच्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसत होते. त्याच सुयांवर मी नमुन्याचा चौकोन विणला, तर २६ च बसले. हिशेब करून पाहा. आईचे ८४ टाके २८ सेंटिमीटर रुंद होतात. माझे ८४ टाके सव्वाबत्तीस सेंटिमीटरच्या वर जातात. एकाच स्वेटरचा पुढचा भाग पाठीपेक्षा चार सेंटिमीटर रुंद झाला असता! मी प्रथम दोरा आवळून पाहिला. बोटे दुखली आणि वीण वेडीवाकडी आली. हात बदलण्याऐवजी सुई बदलणे हाच यावरचा उपाय. ११ नंबरवर २८ टाके आले आणि १२ नंबरवर नेमके ३०.

चौथा प्रश्न सांध्याचा. वर्षानुवर्षे सुईवर अडकून राहिलेले टाके ताणले जातात आणि तेथे आडवी रेघ उमटते. म्हणून काम थांबले होते तेथून लगेच पुढे न जाता दोन ओळी उसवाव्यात, टाके नव्या सुईवर घ्यावेत आणि मग आरंभ करावा. मधला एखादा टाका सुटून खाली घसरला असेल, तर घाबरू नये. क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने तो वर आणता येतो. माझे असे तीन टाके सुटले होते.

पाचवा प्रश्न उरलेल्या धाग्याचा. तो अंदाजाने ठरवू नये, तोलावा. किराणा दुकानातल्या काट्यावर पुरी झालेली पाठ ३८ ग्रॅम भरली आणि शिल्लक धागा ५५ ग्रॅम. पुढचा भाग पुरा करण्यास सुमारे २०, दोन बाह्यांना ४५ आणि गळ्याला १०, म्हणजे एकूण ७५ ग्रॅम हवे होते. २० ग्रॅमची तूट होती. तीच निळी छटा बीडच्या बाजारात मिळाली नाही. रंगाची एक भट्टी दुसरीसारखी उतरत नाही. तेव्हा जवळची छटा घेऊन फसवाफसवी करण्यापेक्षा उघड दुसरा रंग घेतलेला बरा. मी साईच्या रंगाचा गुंडा घेतला आणि बाह्यांवर पट्टे काढले.

या साऱ्या काळात रोज रात्री फोनवर आईशी बोलणे होई. मुंढ्याचे टाके किती कमी करावयाचे, बाही मनगटापासून विणावयाची की खांद्यापासून, हे ती कोपीत बसून, दिवसभराच्या तोडीनंतर, न चुकता सांगे. एवढे सगळे तिला आठवत होते. एकदा मी धीर करून विचारले, "मग त्या वर्षी का राहिलं गं?" मला वाटले होते, ती 'वेळ नव्हता' म्हणेल. ती म्हणाली, "वेळ काढला असता. विणकाम मी संगंच नेलं होतं. पण पाचटानं बोटाला भेगा पडल्या. दोरा भेगांत अडकायचा. विणलेलं रगतानं खराब होऊ लागलं, मंग ठिवून दिलं."

मी पाठीचा तुकडा पुन्हा उजेडात धरून पाहिला. कडेला दोनतीन फिकट तपकिरी ठिपके होते. मी त्यांना पेटीच्या गंजाचे डाग समजलो होतो आणि साबणाने काढण्याचा प्रयत्नही केला होता.

पाडव्याला आईवडील घरी आले तेव्हा स्वेटर शिवून तयार होता. आईने तो उलटा करून शिवण पाहिली, पुढच्या भागावर बोट फिरविले आणि ज्या ओळीपासून माझे विणकाम सुरू होते, तेथे नेमकी थांबली. सुई बदलूनही तिला फरक कळला. "इथून तुझा हात," एवढेच ती म्हणाली. चैत्राच्या उन्हात भाचीला तो घालून पाहिला. अंगाला थोडा ढगळ झाला. येत्या थंडीत बरोबर होईल.

अर्धवट काम हाती घेताना पहिल्यांदा मागच्याचे टाके मोजावेत. त्याच्या हाताचा ताण किती होता ते पाहावे, आपला त्याच्याशी जुळत नसेल तर सुई बदलावी. आणि काम का थांबले, हे त्यालाच विचारावे. मी हा प्रश्न विचारावयास सोळा वर्षे लावली. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी पेटी असेल, तर त्याने इतका उशीर करू नये.