कचेरीतील माऊस : निवड कशी करावी?

तळहाताखाली मावेल एवढीशी ती वस्तू. तिच्याकडे कोण लक्ष देणार? आम्हांसही ती क्षुल्लकच वाटत असे. परंतु दिवाळीपूर्वी कतारगाम येथील हिऱ्यांची एक कचेरी पाहण्याचा योग आम्हां काही विद्यार्थ्यांस आला आणि आमचे मत पालटले. आमच्या एका वर्गमित्राचे वडील तेथे हिशेबनीस आहेत. त्यांचे उजवे मनगट पट्टीने बांधलेले होते. दिवसभर माऊस धरून ते दुखू लागले होते. "हात थांबला तर घर थांबेल," एवढेच काका म्हणाले. त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास करावयाचे ठरविले.

डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस तयार केला. ती होती एक लाकडी पेटी. खाली परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके. मागे शेपटीसारखी तार असल्यामुळे त्यास 'उंदीर' हे नाव पडले, असे सांगतात. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. पुढे चाकांची जागा रबरी गोळीने घेतली. परंतु गोळीस धूळ चिकटे व ती वारंवार पुसावी लागे.

हल्लीच्या माऊसमध्ये गोळी नसते. एक लहान दिवा टेबलावर प्रकाश टाकतो आणि आतील सूक्ष्म कॅमेरा सेकंदास हजाराहून अधिक चित्रे घेतो. लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून हात किती व कोणीकडे सरकला, हे ताडले जाते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्याकडे कचेरीतील मेजावर पुष्कळदा काच घातलेली असते. स्वच्छ काचेवर टिपण्याजोगी खूण नसल्याने साधा माऊस तेथे अडखळतो. अशा वेळी नवा माऊस आणण्याची गरज नाही. खाली पॅड किंवा जाड कागद ठेवला तरी काम भागते.

त्या कचेरीत आम्ही दोन प्रकारची कामे पाहिली. एका खोलीत पुड्यांची नोंद व हिशेब चाले. तेथे लांबलचक याद्या खाली-वर कराव्या लागतात. म्हणून मधले चाक चांगले हवे. दुसऱ्या खोलीत कच्च्या हिऱ्याचे चित्र पडद्यावर फिरवून, आतील दोष चुकवून, कोणता आकार काढावा हे ठरवीत होते. तेथे बाण केसभर सरकला तरी आखणी बदलते; म्हणून सावकाश व अचूक चालणारा माऊस हवा.

खोक्यावरील मोठे आकडे पाहून पुष्कळ जण भुलतात. ८०० या आकड्याचा अर्थ असा की, हात एक इंच सरकल्यास बाण सुमारे ८०० ठिपके सरकतो. पडद्याची रुंदी १९२० ठिपके असल्यास तो ओलांडण्यास २.४ इंच पुरतात. आकडा १६०० असल्यास अंतर निम्मे होते. परंतु बारीक खुणेवर बाण स्थिर ठेवणे कठीण जाते. तात्पर्य, आकडा मोठा म्हणून वस्तू चांगली असे नव्हे. तारेच्या माऊसला सेल लागत नाही व तो सहसा हरवत नाही; बिनतारी माऊस मेजावर जागा मोकळी ठेवतो.

सर्वांत महत्त्वाचा विचार हाताचा. लहान माऊस मोठ्या हातात धरला की बोटे आखडतात. तो दूर ठेवला तर खांदा ताणला जातो. उभ्या धाटणीचा माऊस हस्तांदोलनाप्रमाणे धरता येतो व त्यामुळे पुढचा हात कमी पिळला जातो. तथापि कोणताही माऊस हे औषध नव्हे. अधूनमधून हात सोडून उठणे आवश्यकच आहे.

बहुतेक कचेऱ्यांत माऊस एकदम डझनांनी खरेदी होतात. निवडणारा एक आणि वापरणारा दुसरा, अशी स्थिती असते. त्यामुळे किंमत पाहिली जाते, हात पाहिला जात नाही. काकांनी वैद्यांच्या सल्ल्याने आपल्या हाताच्या मापाचा माऊस मागून घेतला व तो कीबोर्डाच्या अगदी जवळ ठेवला. दुखणे अजून पुरते गेलेले नाही. परंतु संध्याकाळी पाण्याचा तांब्या आता ते उजव्या हाताने उचलतात, असे आमचा मित्र सांगतो. उद्या आपणांपैकी पुष्कळांस अशाच मेजापाशी बसावयाचे आहे. तेव्हा आपल्या हातास काय मानवते, हे विचारण्यास आपण संकोच करू नये.