कनेक्टिंग रॉडला स्टेनलेसचे बोल्ट?

प्रश्न : जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन खोललंय. कनेक्टिंग रॉडचे दोन-तीन बोल्ट गंजलेत. मालवणात होड्यांसाठी स्टेनलेसचे बोल्ट सहज मिळतात. ते चालतील का? – एक वाचक, देवबाग

उत्तर : अजिबात नाही. खाऱ्या हवेत स्टेनलेस टिकतं खरं, पण इथे प्रश्न ताणाचा आहे. बाजारातला ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन सोसतो. रॉडचे बोल्ट सहसा १०.९ किंवा १२.९ दर्जाचे, म्हणजे हजार-बाराशेच्या घरातले. मग हार्डवेअरच्या दुकानातला १२.९चा बोल्ट? तोही नको. रॉडच्या बोल्टचा दांडा नेमक्या मापाचा असतो. बऱ्याच इंजिनांत तोच कॅपला जागेवर धरतो.

एग्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन उलटतो, तेव्हाचा हिसका या बोल्टांवर येतो. इंजिनाचा वेग दुप्पट झाला की हिसका चौपट. गंजाच्या बारीक खड्ड्यातूनच तडा सुरू होतो, म्हणून पॉलिश पेपरने घासून काम भागवू नका. पार्ट नंबर जुळवून सगळेच बोल्ट-नट बदला. मॅन्युअलप्रमाणे आट्यांना तेल लावून टॉर्क रेंचनेच आवळा. मिस्त्रींचा हात कितीही बसलेला असो. कॅप ज्या रॉडची, त्याच रॉडला लावा. नवे बोल्ट आवळून बिग एंडचा गोलावा मशीन शॉपमध्ये मोजून घ्या, मगच बेअरिंग घाला.