नव्या घरातील बारसे

प्रश्न : पुनर्विकसित इमारतीतील सदनिकेची चावी ‘फिट-आउट’साठी मिळाली आहे. वास्तुशांतीआधी तिथे नातीचे बारसे चालेल का?
— एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, वास्तुशांतीवाचून बारसे अडत नाही आणि बाराव्या दिवशी न जमल्यास ते पुढे सोयीने करण्याचीही रीत आहे. मात्र फिट-आउटची चावी, म्हणजे केवळ अंतर्गत सजावटीपुरता प्रवेश, हा राहण्याचा परवाना नव्हे. महानगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास दिलेली लेखी परवानगी, मिळेपर्यंत तिथे पाहुणे जमवू नयेत. त्याची प्रत सोसायटीमार्फत विकासकाकडे मागावी. तोवर पाळणा सध्याच्या घरीच बांधणे उत्तम, कारण ताज्या रंगाचा उग्र वास तान्ह्या बाळाला सोसत नाही. पुढे वास्तुशांतीचा होम करताना धूरसूचक यंत्रणेबाबत सोसायटीला आधी विचारावे.