हळदीचा कागद आणि खारवट जमिनीची परीक्षा

सदऱ्यावरील हळदीच्या डागास साबण लागताच तो तांबडा होतो, आणि पुष्कळ पाण्याने खळबळल्यावर पुन्हा पिवळा पडतो, ही गोष्ट प्रत्येक घरी दिसते. परंतु शेतात पीक न धरणाऱ्या तुकड्याविषयीही तीच गोष्ट काही सांगू शकेल, हे बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घेतला आहे.

लिंबू, चिंच, ताक हे पदार्थ आम्ल होत. चुन्याची निवळी, राखेचे पाणी, धुण्याचा सोडा हे अल्क होत. कित्येक वनस्पतींचे रंग या दोहोंच्या स्पर्शाने पालटतात. रॉबर्ट बॉइल या इंग्लंडातील शास्त्रज्ञाने 1664 मध्ये रंगांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध करून या गुणाचा परीक्षेसाठी उपयोग दाखविला. पुढे 1909 मध्ये कोपनहेगन येथे सोरेन्सन याने आम्लता व अल्कता आकड्यात मोजण्याची रीत घातली. आपल्याकडे त्या आकड्यास सामू म्हणतात. सामू 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क.

हळदीतील रंगद्रव्यास कर्क्युमिन हे नाव आहे. सामू साडेसातच्या आत असेतोवर ते पिवळे राहते, तेथून पालटू लागते व साडेआठच्या पुढे स्पष्ट तांबडे होते. लिंबू पिळले तरी हळद पिवळीच राहते. म्हणजे आम्ल ओळखण्याच्या कामी ती निरुपयोगी होय. त्यासाठी निळ्या गोकर्णीचे फूल बरे. त्याचे पाणी आम्लाने जांभळे-तांबडे व अल्काने हिरवट होते. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत आम्लतेचे भय सहसा नसते, म्हणून ती गोष्ट येथेच सोडू.

कागद करण्याची रीत सोपी आहे. अर्धी वाटी स्पिरिटात चमचाभर हळद घालून, भांडे झाकून, विस्तवापासून दूर रात्रभर ठेवावे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्पिरिट अवश्य पाहिजे. सकाळी वरची पिवळी निवळ काढून तीत टिपकागदाच्या पट्ट्या भिजवाव्या व सावलीत वाळवाव्या; उन्हात हा रंग उडतो. हळद घरी दळलेली असावी. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. ती ज्यांना सहज मिळते त्यांनी दुसरीकडे पाहूच नये. बाजारच्या पुडीत क्वचित मेटॅनिल यलो नावाचा कृत्रिम रंग मिसळलेला असतो. तो सोड्याने तांबडा होत नाही, आणि मग परीक्षाच फसते. म्हणून तयार पट्टी आधी चुन्याच्या निवळीत बुडवून पाहावी. ती ठळक तांबडी झाली तरच बाकीच्या पट्ट्या कामास घ्याव्या.

आता शेतातील गोष्ट. ज्या तुकड्यात पीक उगवून करपते, अशा तुकड्यास सातबाऱ्यावर पुष्कळदा 'पोटखराब' लिहिलेले असते. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यातील नोकरीत हा शब्द असंख्य वेळा लिहिला. जमीन कशाने खराब, हे त्या शब्दात कोठेच नसते. आकारणीपुरते सरकारचे काम त्याने भागते. शेतकऱ्याचे भागत नाही. कारण एकाच नावाखाली दोन निराळे रोग येतात. एका जमिनीत मीठ व तत्सम क्षार साचून पृष्ठावर पांढरा थर येतो, ती खारवट. दुसरीत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो, माती ओली असता लोण्यासारखी व वाळली असता दगडासारखी होते, पाणी आत शिरत नाही; ती चोपण. खारवट जमिनीस चर काढून गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय आहे. तेथे जिप्समची पोती ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे. चोपण जमिनीस मात्र जिप्सम पाहिजे. त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो, व मग तो पाण्याबरोबर चरातून वाहून जातो. शेजाऱ्यास गुण आला म्हणून आपणही जिप्सम आणले, असे करणारे थोडे नाहीत.

येथे पट्टीचा उपयोग होतो. एक भाग माती व अडीच भाग पावसाचे किंवा बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी काचेच्या बाटलीत हलवून तासभर ठेवावे. विहिरीचे पाणी घेऊ नये, कारण ते स्वतःच बहुधा अल्क असते. राख किंवा साबण लागलेला हात पट्टीस लावू नये. वरचे पाणी लागून पट्टी ठळक तांबडी झाली, तर जमिनीत धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असून ती चोपण असण्याचा संभव बळकट होतो. नुसती तपकिरी झाक आली तर घाबरू नये. चुनखडी असलेल्या चांगल्या काळ्या जमिनीचाही सामू सव्वाआठच्या आसपास असू शकतो. बाटलीकडेही लक्ष द्यावे. खारवट मातीचा गाळ लवकर बसतो व पाणी निवळते. चोपण मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. किंबहुना लेखकाच्या मते हे गढूळपण पट्टीइतकेच बोलके आहे.

पट्टी पिवळी राहिली म्हणजे जमीन निर्दोष, असे मात्र समजू नये. काही जमिनीत दोन्ही रोग एकत्र असतात. तेथे इतर क्षारांमुळे सामू वर चढत नाही व पट्टी स्वस्थ राहते. पण क्षार धुऊन गेले की आतला सोडियम उघडा पडतो आणि जमीन चोपण होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा त्रास ज्यांनी सोयरिकीच्या गावी पाहिला आहे, त्यांस सोडियम काय करतो हे सांगावयास नको.

म्हणून जिप्सम विकत घेण्यापूर्वी मातीचा नमुना मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. कोठे व कसा, याची चौकशी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात करावी. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युत वाहकता हे दोन आकडे मिळतात; वाहकता अधिक असेल तर क्षार अधिक, असे समजावे. परंतु कणांस चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण त्या पत्रिकेतील बारा बाबींत नाही, आणि एकरी जिप्सम किती घालावे हे तर त्यावरच ठरते. नमुना देतानाच ही तपासणी निराळी मागून घ्यावी, व चांगल्या तुकड्यातील माती वेगळ्या पिशवीत, वेगळी चिठ्ठी घालून, सोबत द्यावी.