काठ सांभाळा, जनावर सांभाळेल

पोरांनो, धानाच्या मुलखात बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, आधारानं गुरं राखायची, तर यकृतातला पानासारखा चपटा कृमी ओळखून असा. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. तिथं फुटून पिल्लू गोगलगायीत शिरतं, एकाचे अनेक होतात. मग ते बाहेर पडून काठच्या ओल्या गवताला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. ही वाट अडवणं आपल्याच हातात आहे.

चराई : दिवाळीनंतर पाणी ओसरतं, तसं काठाला हिरवंगार गवत येतं. सगळ्यात मोठा धोका तिथंच. गुरं उंच, कोरड्या जागी चारा. पाणी विहिरीचं, हौदात पाजा.

तणीस (धानाचा पेंढा) : धानाच्या पाण्यात बुडालेल्या बुंध्याला कृमी चिकटलेले असतात. बुंधा राखून वरून कापा आणि कडक उन्हात वाळवूनच खाऊ घाला.

शेण : बोडीजवळ टाकू नका. खड्ड्यात नीट कुजू द्या; आतल्या उष्णतेनं अंडी मरतात. बदकं पाळलीत तर गोगलगायीही कमी होतील.

लक्षण : जनावर खातं पण अंगी लागत नाही, दूध आटतं, पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं. शेळी-मेंढी तर कधीकधी काहीच न दाखवता दगावते. शेणाचा नमुना दवाखान्यात द्या. लागण झाल्यावर साधारण तीन महिने शेणात अंडी दिसत नाहीत, म्हणून एका तपासणीवर निर्धास्त राहू नका.

औषध : प्रत्येक जंतनाशक यावर चालत नाही. नुसत्या आयव्हरमेक्टिननं हा कृमी मरत नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर चालतं, ट्रायक्लाबेन्डॅझोल कोवळ्यांवरही. कुठलं, किती, हे वजन पाहून पशुवैद्यच ठरवतील. औषधानंतर किती दिवस दूध घ्यायचं नाही, तेही विचारा.

माणसं : आजारी जनावराला हात लावून हा रोग होत नाही, सेवा बिनघोर करा. पण पाण्यातली भाजी कच्ची खाऊ नका, शिंगाडा दातानं सोलू नका. चिकटलेला कृमी नुसत्या धुण्यानं सुटत नाही. शिजवूनच खा, बोडीचं पाणी उकळूनच प्या. उजव्या बरगडीखाली दुखून ताप रेंगाळला, तर डॉक्टरांना आपण काय कच्चं खाल्लं ते आपणहून सांगा. वेळेत ओळखला, तर हा रोग गोळ्यांनी बरा होतो.